नंतर विचारलेले प्रश्न

सोफियातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुर्की बोलण्याचा नुर्तेनला पगार मिळत असे, आणि तीच भाषा ती दुसऱ्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये बोलली असती तर तिला दंड झाला असता. मधे एक जिना होता. नक्की कुठल्या पायरीवर गुन्हा सुरू होतो, याचा तिनं आणि तिच्या विभागातल्या वेदातनं एकदा हसत हसत विचार केला होता. मग हसण्यासारखं काही राहिलं नाही. स्टुडिओचं जाड दार मागे लागेपर्यंत दोघंही तोंड उघडेनासे झाले.

इमारत सरकारच्या परदेशी प्रक्षेपणाची होती. तिथून ग्रीकमध्ये, अरबीत, स्पॅनिशमध्ये, जर्मनमध्ये जगाला सांगितलं जाई की यंदा गुलाबाचं पीक कसं आलंय, कुठला कारखाना उघडला, कोण पाहुणा विमानतळावर उतरला. मजकूर सगळ्यांचा एकच. तो वरून बल्गेरियनमध्ये यायचा आणि प्रत्येक विभाग तो आपापल्या भाषेत करून वाचायचा. तुर्की विभागाचा श्रोता सरहद्दीपलीकडे, तुर्कस्तानात होता. निदान कागदोपत्री तरी तो तिथंच होता.

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात देशातल्या तुर्कांची नावं बदलण्यात आली. सरकारचं म्हणणं असं, की हे लोक मुळात तुर्क नव्हतेच. शेकडो वर्षांपूर्वी त्यांची नावं बळजबरीनं बदलली गेली होती आणि आता ते राजीखुशीनं आपल्या मूळ नावांकडे परत येताहेत. नुर्तेनच्या ओळखपत्रावर नोरा आलं. वेदातचा वेसेलिन झाला. पण माइकपुढे तिला नुर्तेनच राहायला सांगण्यात आलं. बातम्या संपल्या की निवेदकानं आपलं नाव सांगायचं असा विभागाचा रिवाज होता, आणि पलीकडचे श्रोते तिला बरीच वर्षं नुर्तेन म्हणून ओळखत होते. तिच्या जागी अचानक कुणी नोरा बोलू लागली असती तर नुर्तेनचं काय झालं, असं लोकांनी विचारलं असतं. विभागप्रमुख त्सोनेव यांना तो प्रश्न नको होता. त्यामुळे ती परदेशासाठी नुर्तेन आणि घरच्यासाठी नोरा झाली.

तिचं गाव चामदेरे, दक्षिणेला डोंगरात, तंबाखूच्या मुलखात. डिसेंबरात तिथं सैनिकांनी रस्ते अडवले तेव्हा गावातली माणसं पंचायतीच्या दारात बर्फात उभी राहिली होती. नुर्तेनचा धाकटा भाऊ रेमझी सगळ्यांत पुढे होता. त्याला आणि आणखी काही जणांना त्याच दिवशी ट्रकमध्ये घालून नेलं. कुठं, ते कुणी सांगत नव्हतं. लोक डॅन्यूब नदीतल्या बेटावरच्या छावणीबद्दल बोलत, तेही एकमेकांकडे न बघता.

घरी आई एकटी राहिली. हाफिजे तिचं नाव. आता ती हरिस्तिना होती. बल्गेरियन पद्धतीत माणसाच्या नावामागे वडिलांचं नाव लागतं, म्हणून मुलांची नावं बदलताना मेलेल्या बापाचंही बदलावं लागलं. तुझ्या नवऱ्याला काय नाव देऊ, असं पंचायतीतल्या कारकुनानं हाफिजेला विचारलं. ती म्हणाली, "त्यालाच विचारा." कारकुनानं दिमितर लिहून टाकलं.

हाफिजेला बल्गेरियन येत नसे. मीठ, पाव, बस, डॉक्टर एवढे शब्द यायचे. गावात तुर्की बोलायला बंदी आली तेव्हा ती जवळजवळ मुकीच झाली. संध्याकाळी मात्र ती रेडिओ लावी. अंकारा लावणं गुन्हा होता, पण सोफियाचं तुर्की प्रक्षेपण हे सरकारचंच बोलणं. ते ऐकलं म्हणून कोण कुणाला धरणार? साऱ्या गावानं ही वाट शोधून काढली होती. त्या तासाला घराघरांतून नुर्तेनचा आवाज यायचा. ती सांगत असलेलं खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक बातम्या ऐकत नव्हते, भाषा ऐकत होते. इमारतीत कुणाच्या हे ध्यानात आलेलं नव्हतं, आणि नुर्तेननं ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

एप्रिलमध्ये एके दिवशी त्सोनेव कँटीनमध्ये तिच्या समोर येऊन बसले. राजम्याचं सूप, पाव. त्सोनेव विद्यापीठात तुर्की शिकलेले, व्याकरणात एकदम चोख, आणि त्या भाषेवर त्यांचं खरोखर प्रेम होतं. पूर्वी नुर्तेननं एखादा स्वर आळसानं ओढला तर ते तिला बोलावून ऐकवत. आता ते बल्गेरियनमध्येच बोलत होते, कारण दोघं कँटीनमध्ये होते.

त्यांनी सांगितलं, की अंकारा रेडिओ रोज खेड्यापाड्यांत सैनिक शिरल्याच्या गोष्टी सांगतोय. आपण उत्तर देतो, पण ते मंत्रालयातून आल्यासारखं वाटतं, कुणी विश्वास ठेवत नाही. त्यांना एक साधा आवाज हवा होता. म्हातारं माणूस, खेड्यातलं, बोलीही तिथलीच, मागे चुलीवर काहीतरी शिजतंय. अशी बाई तुर्कीत म्हणाली, की आम्ही आमच्या मर्जीनं नाव घेतलं, तर पलीकडे लोक ऐकतील.

"तुमच्या आई एकट्याच असतात ना तिकडं?"

"हो."

"भावाचं काही कळलं?"

"नाही."

त्सोनेवनी पावाचा तुकडा मोडून सूपमध्ये बुडवला. "अशा वेळी घरच्यांनी थोडी मदत केली ना, की ज्यांच्या हातात असतं त्यांनाही सोपं जातं. मी शब्द देत नाही. पण मी बोलू शकेन."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शब्द दिला नव्हता आणि जेवढं म्हटलं तेवढं ते करतील, हे नुर्तेनला माहीत होतं. ती त्या क्षणीही भाबडी नव्हती. काय मागितलंय आणि कशाच्या बदल्यात, ते तिला स्वच्छ समजलं होतं, आणि तिनं हो म्हटलं.

गावी तिच्याबरोबर गिंका आली. गिंका बल्गेरियन, ध्वनिमुद्रण करणारी, बोलकी बाई. तिला तुर्कीचा एक शब्द येत नसे आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. तिला फक्त आवाज कळत. गावच्या पंचायतीचा सचिव घरापर्यंत सोबत आला. त्यालाही तुर्की येत नव्हतं. दारातच तो जरा अवघडला, कारण या घरात तुर्की बोलायचं नाही असं डिसेंबरात त्यानंच बजावलं होतं. शेवटी त्यानं मोठ्यानं जाहीर केलं, की आज परवानगी आहे, पण फक्त मशीन चालू असेपर्यंत. मग तो दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून फोडू लागला.

हाफिजे परसातून आली. हाताला तंबाखूच्या रोपांची ओली माती होती. तिनं लेकीकडे पाहिलं, मग पेटीएवढ्या टेपरेकॉर्डरकडे.

"यात मावेन का गं मी?"

"मावशील."

"आणि हा काय म्हणतोय?"

नुर्तेननं सांगितलं, की मशीन चालू असेपर्यंत आपल्या भाषेत बोलायला परवानगी आहे. हाफिजेनं मान डोलावली. पाहुणीपुढे दही, पाव आणि मध ठेवला, हात धुतले, डोक्यावरचा रुमाल पुन्हा बांधला आणि चुलीजवळ बसली. गिंकानं माइक तिच्या तोंडाशी धरला आणि चाकं फिरू लागली.

नुर्तेननं पहिला प्रश्न तोच विचारला. सरळ विचारून मोकळं व्हावं असं तिला वाटलं होतं. नवं नाव घेताना तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली का?

हाफिजे काही बोलली नाही. ती चुलीकडे बघत राहिली. लाकूड तडतडलं, सचिवानं एक बी फोडली, टेप फिरत राहिली. गिंकानं भुवया उंचावून नुर्तेनकडे पाहिलं, पण मशीन थांबवलं नाही. ती शांतता बरीच लांबली. नुर्तेनला वाटलं, आई अजून विचार करतेय.

"हे कुणाला ऐकवायचंय?" हाफिजेनं विचारलं.

"तुर्कस्तानातल्या लोकांना."

"म्हणजे आम्ही तुर्क नाही, हे मी त्यांना तुर्कीत सांगायचं."

"आई, ते रेमझीला सोडतील म्हणतात."

"म्हणतात."

"त्सोनेव बोलणार आहेत वरती. तू फक्त दोन वाक्यं..."

"रेमझी बर्फात का उभा राहिला होता, नुर्तेन?" आईचा आवाज जराही चढला नाही. "उद्या तो आला आणि म्हणाला, आई, तू काय सांगितलंस, तर मी काय सांगू? तो ज्यासाठी गेला ते देऊन त्याला परत आणायचं, तर मग आणलं कुणाला?"

 नुर्तेन मशीन बंद करायला सांगणार होती, तर आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे चालू. डिसेंबरपासून कुणाशी नीट बोलले नाहीये मी. भिंतीशी बोलायचं तरी दबून. तू दुसरं काहीतरी विचार. काहीही विचार, मी सांगते."

मग नुर्तेननं विचारलं. रोपं कशी आहेत, यंदा वाफे कुणी घातले, मधमाश्या टिकल्या का. बाबांशी लग्न झालं तेव्हाचं सांग. हाफिजे बोलत सुटली. बोलता बोलता ती हसली, एकदा डोळे पुसले, एकदा सासूची नक्कल केली. तिला ऐकताना नुर्तेनला कळत होतं, की आई कार्यक्रमासाठी बोलत नाहीये. चाकं फिरताहेत तेवढ्या वेळात जमेल तेवढं बोलून घेतेय. पहिली टेप संपली. गिंकानं दुसरी लावली. सचिवाच्या बिया संपल्या आणि तो पेंगू लागला. दुसरी टेपही संपली तेव्हा हाफिजे अर्ध्या वाक्यात थांबली, सचिवाकडे बोट दाखवून तोंडावर हात ठेवला आणि उठून पाहुणीचं ताट उचलू लागली.

परतीच्या वाटेवर गाडीत गिंका म्हणाली, की तुझ्या आईचा आवाज असा आहे की कुठंही कापावा लागणार नाही.

त्सोनेवना नुर्तेननं दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं, की जमलं नाही. त्याआधी टेप एकदा ऐकावी म्हणून ती हेडफोन कानाला लावून बसली.

बाहेर जाऊन मुलाखत घ्यायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. माइक एकच न्यायचा आणि तो बोलणाऱ्याच्या तोंडाशी धरायचा. विचारणाऱ्याचा आवाज त्यात लांबून, विहिरीतून आल्यासारखा येई. म्हणून परत आल्यावर विचारणाऱ्यानं स्टुडिओत बसून आपले प्रश्न पुन्हा नीट म्हणायचे आणि जुने प्रश्न कापून त्या जागी हे जोडायचे. ग्रीकवाले, अरबीवाले, सगळे असंच करत. त्यात खोटं काही नव्हतं. प्रश्न तेच असत.

नुर्तेननं सवयीनं आपले लांबून आलेले प्रश्न आधी कापून बाजूला काढले. उरली ती आईची उत्तरं, एकामागोमाग एक, प्रश्नांवाचून. ती तशीच ऐकताना तिचा हात थांबला. तिला काही सुचलं असं नव्हतं. तिला ते ऐकू आलं.

लग्नाची गोष्ट सांगताना आई म्हणाली होती, "छे गं, कुणी जबरदस्ती नाही केली. मी माझ्या पायांनी गेले." सासरच्या पहिल्या वर्षाबद्दल म्हणाली होती, "आधी परकं वाटलं, रडूही यायचं. मग सवय झाली. आता वाटतं, मी पहिल्यापासून इथलीच." आणि तंबाखूचे वाफे घालायला यंदा मदतीला कोण आलं होतं, यावर म्हणाली होती, "कोण येणार? कुणी आलं नाही. सगळं माझं मीच केलं."

तिनं हेडफोन काढून ठेवले. मग गिंकाला हाक मारून म्हणाली, की प्रश्न घेऊ या.

स्टुडिओत बसून तिनं स्वच्छ, सावकाश तुर्कीत तीन नवे प्रश्न विचारले. नाव नोंदवायला पंचायतीत गेलात, तेव्हा कुणी जबरदस्ती केली का? नव्या नावाची सवय झाली का? आणि अंकारा रेडिओ म्हणतो की तुमच्या गावात सैनिक आले होते, ते खरं का?

काचेपलीकडून गिंकानं अंगठा वर केला. मग ती आत आली आणि ब्लेडनं टेप तिरकी कापून चिकटपट्टीनं एकेक प्रश्न एकेका उत्तराला जोडू लागली. तिचा हात फार हलका होता.

"किती छान बोलते गं तुझी आई. कशाबद्दल चाललंय?"

"लग्नाबद्दल," नुर्तेन म्हणाली.

"अरे देवा, लग्न. माझ्या लग्नात बँडवाले इतके प्याले होते की नवऱ्याऐवजी दिराला उचलून नाचले." गिंका हसत हसत चिकटपट्टीवर नख फिरवत राहिली.

प्रत्येक टेप प्रसारणाआधी विभागातल्या दुसऱ्या कुणीतरी ऐकायची असा नियम होता. वेदातनं ऐकली. तो त्याच डोंगरातला, नुर्तेनच्या गावापासून फार लांबचा नव्हे. तिकडच्या बायका लग्नाच्या गोष्टी कशा सुरात सांगतात, ते त्याला सांगावं लागत नव्हतं. ऐकून झाल्यावर त्यानं टेप पुन्हा मागे नेली, पुन्हा ऐकली. नुर्तेन त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो ओरडला असता, उठून गेला असता, तर ती टेप तिथंच टाकून देणार होती, असं तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

"सैनिकांच्या प्रश्नाला उत्तर फार चटकन येतंय," वेदात म्हणाला. "म्हातारं माणूस असं फटकन बोलत नाही. मधे थोडी शांतता घाल."

त्यानं एवढंच म्हटलं आणि सिगारेट घेऊन जिन्याकडे गेला.

शांतता नुसत्या कोऱ्या टेपची चालत नसे. ती मेल्यासारखी ऐकू येते. त्याच खोलीतली, त्याच हवेतली शांतता लागते. नुर्तेनकडे तशी भरपूर होती. आईनं पहिल्या प्रश्नाला दिलेली ती लांब शांतता, चुलीतल्या लाकडाच्या आवाजासकट, कापलेल्या तुकड्यांत पडून होती. तिनं त्यातून लागेल तेवढी घेतली आणि सैनिकांच्या प्रश्नापुढे जोडली. आता मुलाखत अगदी खरी वाटू लागली. बाईनं प्रश्न ऐकला, आठवून पाहिलं आणि मग सांगितलं, कोण येणार, कुणी आलं नाही.

त्सोनेवना मुलाखत इतकी आवडली की त्यांनी उभं राहून तिचा हात हातात घेतला. नुर्तेननं एकच विनंती केली, की ती सकाळच्या प्रसारणात लावा. का, ते तिनं सांगितलं नाही. सकाळी सगळं गाव शेतात असतं, हे तिचं कारण होतं. त्सोनेवनी आनंदानं मान्य केलं आणि मुलाखत सकाळी लागली. आणि फार चांगली झाली म्हणून ती संध्याकाळीही लागली, आणि त्या आठवड्यात रोज संध्याकाळी लागली. निवेदक अर्थातच नुर्तेन होती. दर संध्याकाळी आईचा आवाज संपला की ती माइकपुढे आपलं नाव सांगे. काचेच्या या बाजूला बसून ती गावातली घरं एकेक करून डोळ्यांपुढे आणी: कुणाकडे रेडिओ चुलीवरच्या फळीवर असतो, कुणाकडे खिडकीत.

पुढे त्सोनेवनी तिला इतर विभागांपुढे ही मुलाखत वाजवून दाखवायला लावली. इतकं मोकळं बोलतं कसं करता, असं अरबी विभागाच्या बाईनं तिला विचारलं. वेळ द्यावा लागतो, असं नुर्तेननं सांगितलं. तेवढं खरं होतं.

जूनमध्ये रेमझी सुटला. त्सोनेव आपला शब्द न देताही पाळणारे निघाले. दर आठवड्याला ठाण्यावर हजेरी लावायची, गाव सोडायचं नाही, या अटींवर त्याला घरी पाठवलं होतं. कळलं तेव्हा नुर्तेन बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली, आणि पहिली रजा मिळताच गावी निघाली.

गावच्या पाण्याच्या झऱ्याशी बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. हाफिजेही त्यांत होती. नुर्तेनला दिसलं, की आई पोचताच बायकांनी बाजूला होऊन तिला पुढे जाऊ दिलं. आधी तिला तो मान वाटला. मग कळलं, की ती लवकर भरून लवकर जावी म्हणून वाट दिलीय. कुणी हाफिजेला काही बोललं नाही, आणि तिनंही कुणाला नाही. नुर्तेनला मात्र एकीनं हळूच विचारलं, प्रवास कसा झाला.

रेमझी परसात पडवीखाली बसला होता. निम्मा झाला होता. त्यानं ताईला मिठी मारली आणि सोडेचना. त्याच्या पाठीचे मणके तिच्या हाताला लागले. तो तिच्याशी बोलला, सिगारेट मागितली, थट्टाही केली, की नोराबाई, सोफियात जाडी झालीस. आई घागर घेऊन आत आली तेव्हा तो दुसरीकडे बघू लागला.

आई आत गेल्यावर त्यानं सांगितलं, बल्गेरियनमध्ये, खालच्या आवाजात, कारण शेजारच्या कुंपणाशी कुणीतरी होतं. सुटायच्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्यानं त्याच्या खांद्यावर थोपटून म्हटलं होतं, आईचे उपकार मान, बाबा, आम्ही सगळ्यांनी रेडिओवर ऐकलं. बरोबरच्या लोकांनीही ते ऐकलं. त्या लोकांतले बरेच अजून तिथंच होते. बसमध्ये गावातला एक जण भेटला, त्यानं उरलेलं सांगितलं.

"घरी आल्यापासून मी तिच्याशी बोललेलो नाही," रेमझी म्हणाला. "आणि बोलणारही नाही."

"रेमझी, ते प्रश्न मी विचारले होते."

"तुझं काय, ताई. तुला जे विचारायला सांगितलं ते तू विचारलंस, नोकरीच ती. प्रश्न काय, कुणीही विचारतं. उत्तर तिनं दिलं."

नुर्तेन उठली आणि आत गेली. हाफिजे वांगी भाजत होती. लेक आत येताच तिनं आधी खिडकी लावून घेतली.

"मी त्याला सांगते," नुर्तेन म्हणाली. "आत्ता सांगते. तू असं काही म्हणाली नव्हतीस."

"बस खाली."

"आई, सारं गाव तुला..."

"गावाचं मला कळतंय, मी इथंच राहते." हाफिजे वांग्याची जळकी साल बोटांनी सोलत होती, चटका बसतोय असं तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. "पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. मी म्हणाले का हे? आवाज माझा. चूल माझी. मग तिसऱ्या दिवशी कळलं. तुझ्या बाबांशी लग्न केलं ते बोलले होते मी."

नुर्तेननं मान खाली घातली.

"त्याला सांगितलंस तर काय होईल? तो उठेल आणि पंचायतीसमोर जाऊन ओरडेल, माझ्या आईनं असं म्हटलंच नव्हतं. त्याला परत नेतील. आणि तुझं तोंड तो पुन्हा बघायचा नाही. आत्ता निदान एकीशी तरी बोलतोय."

"तू मला बोल काहीतरी. शिव्या दे."

हाफिजेनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मी काय बोलणार? तू विचार तुला काय विचारायचं ते. उत्तरं तुझ्याकडं आहेतच."

मग तिनं वांगी कुस्करली, लसूण घातला आणि खिडकी पुन्हा उघडली. त्यानंतर नुर्तेन दोन दिवस होती. पाणी आणू का, लाकडं कुठली घेऊ, उद्याची बस कितीला, असलं काहीही विचारलं तरी आई हातानं दाखवे किंवा नुसतं बघे. रागाचा काही आविर्भाव नव्हता. लेकीच्या हाती आपला एकही शब्द लागू द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलेलं दिसत होतं.

त्याच दिवशी दुपारी तिघं परसात जेवायला बसले. मधे पाव, वांगी, दही. रेमझीनं घास घेतला, चावला आणि हात थांबवला. समोर आई बसली होती, तिच्या उजव्या हाताशी मिठाचं भांडं होतं. त्यानं तिकडे पाहिलं नाही. तो नुर्तेनकडे वळला.

"ताई, तिला सांग, मीठ दे म्हणावं."

आई दोन हातांच्या अंतरावर बसली होती आणि तिला ऐकू आलं होतं. तरी ती वाट बघत राहिली. दोघंही वाट बघत होते. नुर्तेननं हात रुमालाला पुसले आणि स्वच्छ, सावकाश आवाजात म्हटलं, "आई, रेमझीला मीठ हवंय."